मामांची वही, सोन्याचा ठोकळा आणि सह्याद्रीचा दगड



मी इंदूरच्या एका महाविद्यालयात बत्तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. आता निवृत्त होऊन मुलीकडे बंगळुरूला राहतो. दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी माझ्या मोबाइलवर एखादी पीडीएफ येते. कधी नागपूरहून, कधी बडोद्याहून, एकदा तर थेट ह्यूस्टनहून आली होती. पाठवणारा बहुधा निवृत्त इंजिनिअर असतो, कधी शाळामास्तर, कधी एखादा कॉलेजातला मुलगा. मजकूर साधारण असा: गुरुत्वाकर्षण, चुंबकत्व आणि अणुकेंद्रातली बलं ही एकाच मूळ बलाची रूपं आहेत, हे मी शोधून काढलं आहे. कृपया अभिप्राय कळवावा.

अशा कागदांचं आम्ही प्राध्यापक मंडळी काय करतो? दोनपैकी एक. हसतो, नाहीतर ‘छान आहे’ म्हणून मोकळे होतो. मी ‘छान आहे’ म्हणणाऱ्यांतला. त्याचं मला आज वाईट वाटतं. का वाटतं, ते सांगायला मी आज बसलो आहे.

१९७८ साली मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. माझ्या मामांचं इंदुरात मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळालेले पंप, गिरण्यांच्या मोटरी, पंखे यायचे. मामा जुनी तार उपसायचे, नवी तांब्याची तार गुंडाळायचे, वरून वार्निश लावून सुकवायचे. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. पण किती वेढे दिले की मोटर किती जोर धरेल, हे त्यांना कागद न घेता सांगता यायचं.

त्या वर्षी दिवाळीत त्यांनी मला दुकानाच्या मागच्या खोलीत नेलं आणि एक दोनशे पानी वही पुढ्यात ठेवली. वहीत एकच विचार निरनिराळ्या बाजूंनी लिहिला होता. पृथ्वी फिरते आणि ती चुंबक आहे. सूर्य फिरतो आणि तोही चुंबक आहे. मग वस्तुमान आणि फिरणं यांतूनच चुंबकत्व निघत असलं पाहिजे. वजन असलेली कुठलीही वस्तू फिरली की थोडीशी चुंबक होते. अणूच्या पोटातही असंच काही चालत असणार.

मामा म्हणाले, “अरे, तू एवढा शिकलास. हे खरं की खोटं, ते मोजायचं कसं, एवढंच मला सांग.”

मी म्हणालो, “छान आहे मामा. लिहीत राहा.”

मला उत्तर येत नव्हतं, आणि येत नाही असं म्हणायची लाज वाटली. खरं सांगायचं तर मनातून थोडं हसूही आलं होतं. मामा पुढे तेरा वर्षं लिहीत राहिले. १९९१ साली ते गेले, तेव्हा सात वह्या झाल्या होत्या. सातही वह्यांत मिळून मोजमाप एकही नव्हतं.

ते गेल्यावर काही वर्षांनी, ग्रंथालयात भलतंच काही शोधताना, मला ‘नेचर’ या नियतकालिकातला १७ मे १९४७ चा एक लेख मिळाला. लेखक पॅट्रिक ब्लॅकेट. विषय: फिरणाऱ्या जड वस्तूंचं चुंबकक्षेत्र. म्हणजे मामांच्या वहीतलाच विचार, वहीच्या तीस वर्षं आधी. आणि ब्लॅकेट म्हणजे साधा माणूस नव्हे. रदरफोर्डच्या प्रयोगशाळेत त्यांनी अणुकेंद्र फुटतानाची छायाचित्रं घेतली होती, आणि या लेखानंतर पुढच्याच वर्षी, म्हणजे १९४८ साली, त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. ते अर्थात केंद्रकीय भौतिकी आणि विश्वकिरणांवरच्या कामासाठी.

मी ग्रंथालयातच खुर्चीवर बसून राहिलो. माझ्या मामांची कल्पना हसण्यासारखी नव्हती. ती चूक होती, हे खरं. पण ती चूक आहे हे ठरवायचं कसं, याचा सगळा आराखडा ब्लॅकेट यांनी आखलेला होता. माझ्या मामांनी नेमकं तेच विचारलं होतं.

आता आधी हे बघू, की असे विचार माणसांच्या डोक्यात येतातच का.

न्यूटननं १६८७ साली सांगितलं, की दोन वस्तूंमधलं अंतर दुप्पट झालं की गुरुत्वाकर्षण चौपट कमी होतं. कुलोम्बनं १७८५ साली विजेच्या प्रभारांवर मोजमाप केलं, तिथेही तोच नियम निघाला. दोन अगदी वेगळ्या गोष्टींवर निसर्गानं एकच शिक्का मारलेला दिसला, की ‘यांचं काही नातं असेल’ असं कुणालाही वाटणारच. पण फरकही मोठे आहेत. विजेत आकर्षण असतं तसं प्रतिकर्षणही असतं, गुरुत्वात फक्त आकर्षण. आणि ताकदीचं म्हणाल तर दोन प्रोटॉन घ्या. त्यांच्यातलं विद्युत प्रतिकर्षण हे त्यांच्यातल्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे एकावर ३६ शून्यं इतक्या पटींनी मोठं आहे. नातं जोडायचं तर या ३६ शून्यांचा हिशेब द्यावा लागतो.

मायकेल फॅरडेलाही हे नातं असावं असं वाटत होतं. वीज आणि चुंबकत्व यांचं नातं त्यानं १८३१ साली प्रयोगानं दाखवलं होतं. मामांचा सगळा धंदा, आणि तुमच्या घरात येणारी वीज, त्याच शोधावर उभी आहे. १८४९ साली तो गुरुत्वाकडे वळला. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनच्या व्याख्यानगृहात उंचावरून वस्तू खाली सोडायच्या, तारेचं वेटोळं जोडायचं, आणि पडताना तारेत वीज उठते का ते बघायचं. कधी काटा हलला, पण तारच हलल्यामुळे हलला, हे त्यानं स्वतःच शोधून काढलं. शेवटी निष्कर्ष लिहिला: काही मिळालं नाही, नातं आहे असं मला अजूनही वाटतं, पण माझ्या प्रयोगांनी ते सिद्ध होत नाही.

हे दोन वेगळे वाक्यांश लक्षात ठेवा. मला वाटतं, हा एक. सिद्ध होत नाही, हा दुसरा. फॅरडेनं दोन्ही लिहिले आणि एकात दुसरा मिसळला नाही. दहा वर्षांनी, सत्तरीच्या उंबरठ्यावर, शिशाची मोठी वजनं उंच मनोऱ्यावर चढवून त्यानं पुन्हा प्रयत्न केला. तेव्हाही काही हाती लागलं नाही.

आता ब्लॅकेट. फिरण्यातून चुंबकत्व ही कल्पना त्यांच्याही आधी आर्थर शुस्टर, एच. ए. विल्सन अशांनी मांडली होती. पण १९४७ च्या सुमारास एक नवी गोष्ट घडली. अमेरिकेत होरेस बॅबकॉक यांनी कन्या राशीतल्या ७८ व्हर्जिनिस या ताऱ्याचं चुंबकक्षेत्र मोजलं. ते सुमारे १५०० गॉस निघालं. पृथ्वीचं क्षेत्र अर्धा-पाऊण गॉसच्या आसपास असतं. आता ब्लॅकेट यांच्या हातात तीन वस्तू होत्या: पृथ्वी, सूर्य आणि हा तारा. प्रत्येकाची चुंबकशक्ती आणि फिरण्याचा जोर, ज्याला आपण कोनीय संवेग म्हणतो, यांचं गुणोत्तर काढलं. तिघांचं जवळपास एकच! आणि ते गुणोत्तर कसं, तर गुरुत्वस्थिरांकाचं वर्गमूळ भागिले प्रकाशाच्या वेगाची दुप्पट, याच्या अगदी जवळ. पृथ्वी आणि तारा यांच्या कोनीय संवेगात अब्जावधी पटींचा फरक असताना एकच सूत्र दोघांना लागू पडतंय, आणि त्यात गुरुत्वाचा आकडा बसलाय. गुरुत्व आणि चुंबकत्व यांच्यामधला दरवाजा उघडतोय असं कुणालाही वाटलं असतं.

पण मंडळी, तीन बिंदूंवरून रेषा गेली म्हणजे ती निसर्गाची रेषा असं होत नाही. ब्लॅकेट यांना हे माहीत होतं. म्हणून पुढची पाच वर्षं त्यांनी आपली कल्पना कुठे मोडेल, हे शोधण्यात घालवली.

पहिली कसोटी खाणींची. पृथ्वीचं चुंबकत्व कुठून येतं, याबद्दल दुसरा पक्ष असा होता की ते खोल गाभ्यातल्या वितळलेल्या लोखंडाच्या प्रवाहांतून येतं. तसं असेल, तर जमिनीखाली जावं तसं आपण उगमाच्या जवळ जातो आणि चुंबकत्वाचा आडवा घटक वाढायला हवा. ब्लॅकेट म्हणतात तसं पृथ्वीच्या प्रत्येक तुकड्यातून चुंबकत्व येत असेल, तर खोल गेल्यावर वरचा थर डोक्यावर राहतो, आणि हा घटक कमी व्हायला हवा. म्हणजे एक पक्ष म्हणतो वाढेल, दुसरा म्हणतो घटेल. किती सुंदर कसोटी! कीथ रंकॉर्न आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडच्या कोळशाच्या खाणींत उतरून मोजलं. वाढत होतं.

दुसरी कसोटी ब्लॅकेट यांनी स्वतः घेतली. पृथ्वी फिरते म्हणजे तिच्यावर ठेवलेली प्रत्येक वस्तूही तिच्याबरोबर फिरतेच. मग टेबलावर स्थिर ठेवलेल्या जड वस्तूभोवतीही थोडं चुंबकक्षेत्र असायला हवं. वस्तू जितकी घन तितकं बरं, पण ती स्वतः लोहचुंबकी नको. म्हणून सोनं. दहा सेंटिमीटर उंच, दहा सेंटिमीटर व्यासाचा भरीव दंडगोल. वजन १५ किलोच्या थोडं वर. एवढं सोनं प्राध्यापकाकडे कुठून येणार? ते बँक ऑफ इंग्लंडकडून उसनं आणलं. मँचेस्टरबाहेर जॉड्रेल बँकच्या मोकळ्या जागेत लोखंडाचा खिळाही नसलेली लाकडी खोली बांधली. अपेक्षित क्षेत्र होतं एका गॉसचा सुमारे दहा कोटीवा भाग, म्हणजे भोवतीच्या पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षा काही कोटी पटींनी लहान. ते मोजण्यासाठी त्यांनी त्या काळातला अत्यंत संवेदनशील मॅग्नेटोमीटर तयार केला.

आणि सोन्याभोवती तसं काहीही मिळालं नाही.

१९५२ साली त्यांनी सविस्तर निबंध छापला. साठेक पानांचा. शीर्षकातच लिहिलं, की हा एक नकारात्मक प्रयोग आहे. मला चुकीचं वाटलं होतं, हे सांगायला नोबेलविजेत्या माणसानं साठ पानं खर्च केली. तोवर आकाशातूनही साक्षी आल्या होत्या. बॅबकॉक यांनाच असा तारा सापडला होता, ज्याचं चुंबकत्व ठरावीक दिवसांनी उलटं होतं. तारा काही उलटा फिरायला लागत नाही. सूर्याचं सर्वसाधारण क्षेत्रही आधी मानलं होतं त्यापेक्षा फारच क्षीण निघालं. तीन बिंदूंपैकी दोन बिंदू हलले, रेषा संपली. आज आपण जाणतो की पृथ्वीचं चुंबकत्व सुमारे २९०० किलोमीटर खोलीखालच्या द्रवरूप लोखंडाच्या प्रवाहांतून येतं.

इथे गोष्ट संपली असती तरी मी तुम्हाला ती सांगितली असती. पण ती संपली नाही, आणि पुढचा भाग आपल्या सह्याद्रीचा आहे.

ब्लॅकेट यांच्याकडे आता एक विलक्षण यंत्र होतं, आणि कल्पना मेली होती. त्यांनी विचारलं, एवढं क्षीण चुंबकत्व निसर्गात आणखी कशात असतं? उत्तर होतं, दगडांत. लाव्हा निवताना त्यातले लोहाचे बारीक कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरतात आणि तशीच जपून ठेवतात. वाळूच्या खडकांत ही खूण फारच पुसट असते, तिथे हा मॅग्नेटोमीटर कामाला आला. इंग्लंडच्या लाल वालुकाश्मांची दिशा आजच्या उत्तरेशी जुळेना. मग त्यांच्या गटाचं लक्ष भारताकडे गेलं.

पुण्याहून मुंबईला घाट उतरताना जे काळे कातळ दिसतात, ज्यांत आपली लेणी कोरलेली आहेत, ते सगळं निवलेल्या लाव्हाचं आहे. हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. महाराष्ट्रापासून माळव्यापर्यंत तो पसरला आहे. माझं इंदूरही त्याच काळ्या दगडावर वसलंय. जॉन क्लेग, अर्न्स्ट डॉइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली या दगडांची मोजणी प्रसिद्ध केली. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉइश, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी हे काम वाढवलं.

काय निघालं? मोकळी टांगलेली चुंबकसुई विषुववृत्तावर आडवी राहते आणि ध्रुवाकडे जावं तशी झुकत जाते. त्या झुकण्याच्या कोनावरून अक्षांश काढता येतो. आज १८ अंश उत्तर अक्षांशावर सुईनं साधारण ३३ अंश झुकायला हवं. सह्याद्रीच्या दगडांत गोठलेली सुई त्याहून खूप जास्त झुकलेली होती, आणि तीही दक्षिण गोलार्धातल्यासारखी. हिशेब केला तर अक्षांश येतो ३० दक्षिणच्या आसपास. म्हणजे हे दगड निवले तेव्हा ही जमीन विषुववृत्ताच्या पलीकडे होती. १८ उत्तर आणि ३० दक्षिण यांत ४८ अंशांचं अंतर. एका अंशाला १११ किलोमीटर धरले तर सव्वापाच हजार किलोमीटरच्या वर. ६.६ कोटी वर्षांत एवढं, म्हणजे वर्षाला सरासरी आठ सेंटिमीटर.

आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ साली खंड सरकतात असं म्हटलं, तेव्हा पुष्कळ भूशास्त्रज्ञांनी त्यांची टर उडवली होती. त्यांच्या बाजूनं आकड्यांत साक्ष देणाऱ्यांत सह्याद्रीचा दगड होता. आणि ती साक्ष ज्यांनी नोंदवली त्या गटातले बरेच जण, ब्लॅकेट आणि रंकॉर्न धरून, या वाटेवर आले होते ते गुरुत्व आणि चुंबकत्व यांच्या फसलेल्या कल्पनेमुळे.

अणुकेंद्राच्या बलांचं काय, असं तुम्ही विचाराल. थोडक्यात सांगतो, कारण तिथेही हीच गोष्ट आहे.

१९६७-६८ मध्ये वाइनबर्ग आणि सलाम यांनी, ग्लॅशो यांच्या आधीच्या कामावर उभं राहून, विद्युतचुंबकीय बल आणि केंद्रातलं क्षीण बल एकाच सिद्धांतात बसवलं. सिद्धांतानं आधी सांगितलेले कण १९८३ साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत खरोखर सापडले. हे एकत्रीकरण कसोटीला उतरलं. मग प्रबल बलही त्यात आणायचं ठरलं. १९७४ साली आपले ओडिशाचे जोगेश पती आणि अब्दुस सलाम यांनी, तसंच जॉर्जी आणि ग्लॅशो यांनी तसे सिद्धांत मांडले. त्यांतून एक धाडसी गोष्ट निघत होती: प्रोटॉन अमर नाही, कधीतरी तोही मोडतो.

ही कसोटी जगात जिथे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर घेतली गेली त्यांतली एक जागा बंगळुरूहून शंभरेक किलोमीटरवर आहे, कोलारची सोन्याची खाण. २.३ किलोमीटर खोल, १४० टन लोखंडाच्या थरांचं यंत्र. १९८० पासून टाटा संस्थेचे आणि जपानचे शास्त्रज्ञ तिथे प्रोटॉन मोडायची वाट बघत होते. काही घटना तशा वाटल्याही, त्यांनी त्या जाहीर केल्या. पण अमेरिका आणि जपानमधल्या मोठ्या यंत्रांना तसं दिसलं नाही. आज आपण म्हणतो की प्रोटॉनचं सरासरी आयुष्य, काही प्रकारच्या मोडण्यासाठी, एकावर ३४ शून्यं इतक्या वर्षांहून जास्त असलं पाहिजे. जॉर्जी-ग्लॅशो यांचा मूळचा साधा सिद्धांत यात गळाला.

आणि जपानच्या कामिओकातलं ते यंत्र, जे प्रोटॉनसाठी बांधलं होतं? २३ फेब्रुवारी १९८७ ला शेजारच्या दीर्घिकेतला एक तारा फुटल्याचे न्यूट्रिनो त्यानं पकडले. प्रोटॉन मोडला नाही, पण आकाश बघायची एक नवी खिडकी उघडली. गुरुत्व मात्र या सगळ्या जुळवाजुळवीच्या बाहेरच उभं आहे. त्याला आत आणणारे सिद्धांत आहेत, त्यांना मोजमापाचा दाखला अजून नाही.

आता मी पुन्हा मामांच्या दुकानात येतो.

आज मामा समोर असते, तर मी काय केलं असतं? मी म्हटलं असतं, मामा, तीन प्रश्न. एक, तुमच्या सूत्रातून आकडा काढा. दोन, जे आधीपासून माहीत आहे त्यापेक्षा तुमचा आकडा कुठे वेगळा येतो, ती जागा दाखवा. तीन, काय दिसलं तर तुम्ही वही बंद कराल, ते आजच लिहून ठेवा.

आणि मग आम्ही दोघांनी बसून हिशेब केला असता. पाच किलोचं, वीस सेंटिमीटर व्यासाचं पितळी चाक घ्या. मोटरवर मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी फिरवा. ब्लॅकेट यांच्या सूत्रानं त्याच्या अक्षावर वीस सेंटिमीटरवर जे क्षेत्र येतं, ते पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षा काहीशे कोटी पटींनी लहान आहे. दुकानातल्या होकायंत्राला ते कळणार नाही. उलट चाक फिरवणाऱ्या मोटरच्या वेढ्यांचं चुंबकत्वच त्याला हलवेल. मामांना हे माझ्यापेक्षा लवकर कळलं असतं. ते म्हणाले असते, मग मोटर लांब ठेव, पट्ट्यानं फिरव. मग आम्ही खाणींची गोष्ट काढली असती, सोन्याची काढली असती. संध्याकाळपर्यंत कदाचित त्यांनी स्वतःच म्हटलं असतं, की नाही रे, हे बसत नाही. त्यांना वाईट वाटलं असतं. पण पुढची तेरा वर्षं त्यांच्याकडे नवा प्रश्न असता. तो मी त्यांना दिला नाही. मी त्यांना ‘छान आहे’ दिलं.

म्हणून आता पीडीएफ आली की मी वाचतो. सगळी नाही वाचता येत. पण हे तीन प्रश्न लिहून परत पाठवतो. बरेच जण रागावतात, पुन्हा लिहीत नाहीत. गेल्या वर्षी एका मुलानं मात्र तीन आठवड्यांनी उत्तर पाठवलं: सर, आकडा काढला, दहा हजार पट चुकतोय, आता चंद्राच्या कक्षेचं गणित शिकतोय. मला मनापासून आनंद झाला.

तुमच्या घरातही अशी वही असेल. एखाद्या काकांची, आजोबांची, नाहीतर तुमची स्वतःची. ती फेकू नका, आणि डोक्यावर घेऊन नाचूही नका. तिला विचारा, तू चुकीची ठरशील ती कुठे?

मामांच्या सातही वह्या माझ्याकडे आहेत. पहिल्या वहीच्या कोऱ्या शेवटच्या पानावर मी तो चाकाचा हिशेब लिहून ठेवलाय. उशीर झाला, पण त्यांनी विचारलं होतं.